अर्धवट खेळलेले गेम वर्षाच्या यादीत घ्यावेत का?

एका वाचकांचं पत्र आलंय. ते आणि त्यांचे तीन मित्र गेली सहा वर्षं दर डिसेंबरात आपापल्या आवडत्या दहा हॅन्डहेल्ड गेमची यादी एकमेकांना पाठवतात. गटाचे नियम तीन: गेम त्याच वर्षी आलेला हवा, पूर्ण केलेला हवा आणि हातात धरून खेळलेला हवा. यंदा २०२५ची यादी करायला ते बसले आणि अडकले. वर्षातल्या बहुतेक रात्री शेतीचा ‘स्टारड्यू व्हॅली’ आणि डावपेचांचा ‘इन्टू द ब्रीच’ या जुन्या गेममध्ये गेल्या होत्या. यंदाचा ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ लास्ट जज या बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूपाशी, अडकून पडलाय. ‘हेडीस २’ भरपूर खेळून झालाय, पण कथा संपलेली नाही. ‘डाँकी काँग बनान्झा’ पूर्ण झाला, पण टीव्हीला जोडून. आणखी एक मोठा, नावाजलेला गेम त्यांनी सहा तासांत सोडून दिला, कारण छोट्या पडद्यावर अक्षरंच वाचता येईनात. म्हणजे तिन्ही नियमांत बसणारा एकही गेम त्यांच्याकडे नाही. ते विचारतात: उरलेल्या तीन आठवड्यांत सगळं उरकून टाकू, थोडी थाप मारू, की यंदा यादीच नको? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘बहुतेक माझी आवडच संपत चाललीय.’

तुमची ती शेवटची ओळ आधी हातावेगळी करते, कारण मला ती अजिबात पटलेली नाही. आवड संपलेला माणूस दिवा घालवल्यावर पुन्हा यंत्र उचलून ‘आणखी एकच दिवस’ म्हणत शेताला पाणी घालत बसत नाही. तुम्ही बसता, हे तुम्हीच पत्राच्या सुरुवातीला लिहिलंय. नव्या गेमच्या मागे धावायचा दम कमी झाला असेल, ते मी मान्य करते. तो कमी होतोच. दर महिन्याला इतकं काही येत असतं की रात्र थोडी सोंगं फार अशी गत होते. पण दम आणि आवड या दोन गोष्टी तुम्ही एकाच खात्यात टाकल्यात.

आता नियम. ते तुमच्या गटाने कधी ठरवले हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा की कुणीच ठरवले नाहीत, पुरस्कारांच्या याद्या वाचता वाचता ते अंगवळणी पडले. पुरस्कार देणाऱ्यांना वर्षाची चौकट लागतेच, नाहीतर दर वर्षी तेच चार गेम जिंकत राहतील. चौघा मित्रांना ती कशासाठी लागावी? शिवाय ती दिसते तेवढी पक्कीही नाही. ‘सिल्कसाँग’ जाहीर झाला फेब्रुवारी २०१९मध्ये आणि हातात पडला ४ सप्टेंबर २०२५ला. त्याचं वर्ष ठरवणं सोपं आहे. पण ‘हेडीस २’ मे २०२४पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुऱ्या रूपातच, खेळता येत होता आणि पूर्ण रूपात आला २५ सप्टेंबर २०२५ला. ‘यूएफओ ५०’ पीसीवर सप्टेंबर २०२४मध्ये आला आणि निन्टेंडोच्या स्विच या हातातल्या यंत्रावर ऑगस्ट २०२५मध्ये. ज्याच्याकडे फक्त स्विच आहे त्याच्यासाठी तो कुठल्या वर्षाचा धरायचा? ‘लिंक्स अवेकनिंग’ तर १९९३मध्ये निन्टेंडोच्याच जुन्या गेम बॉयवर आला, १९९८मध्ये रंगीत झाला आणि २०१९मध्ये स्विचसाठी नव्याने घडवला गेला. मी तो पहिल्यांदा खेळले २०२१मध्ये. माझ्या लेखी तो २०२१चा गेम आहे, कारण त्या बेटावरचं ते मोठं अंडं मी त्या वर्षी पाहिलं.

‘पूर्ण केलेला हवा’ हा नियम त्याहून डळमळीत. टेट्रिस कुणी पूर्ण केलाय? ‘बलाट्रो’ या पत्त्यांच्या गेममध्ये आठ टप्पे पार केले की जिंकल्याची पाटी येते, पण तिथेच पुढे अंतहीन खेळत राहायची मुभाही मिळते. ‘स्टारड्यू’मध्ये तिसरं वर्ष लागलं की आजोबा येऊन तुमच्या कामाचा निकाल सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना पुन्हा चारा घालावाच लागतो. ‘हेडीस २’बद्दल तुम्ही ‘कथा संपलेली नाही’ असं अपराध्यासारखं लिहिलंय. त्या गेममध्ये मरून छावणीत परत येणं हीच कथेची चाल आहे. परत आल्यावर कुणीतरी दोन नवी वाक्यं बोलतं, नातं थोडं पुढे सरकतं, आणि तुम्ही पुन्हा निघता. पंचवीस वेळा निघून पंचवीस वेळा परत आलेल्या माणसाला त्या गेमबद्दल बोलायचा पूर्ण हक्क आहे. शेवट पाहिलेला नाही, एवढं एका ओळीत लिहा आणि पुढे चला.

तिसरा नियम मात्र मला आवडतो. त्यावर जरा सविस्तर बोलते, कारण तुमच्या पेचाचं उत्तर मला तिथेच दिसतंय.

१९८९मध्ये गेम बॉय आला. त्याच वर्षी अटारीचा लिंक्सही आला, रंगीत आणि आतून उजळणाऱ्या पडद्याचा. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही तसाच. त्यांच्यापुढे गेम बॉय अगदीच साधा: हिरवट पडदा, चार छटा, १६० बाय १४४ पिक्सेल, आणि अंधारात काही दिसायचं नाही. तरी लोकांच्या हातात राहिला तो गेम बॉयच. चार पेन्सिल सेलवर तो दहा-पंधरा तास सहज चालायचा. गेम गिअर सहा सेल घ्यायचा आणि तीन ते पाच तासांत मान टाकायचा. गेम बॉयमागचे गनपेई योकोई यांचा आग्रहच असा होता की जुनं, पारखून झालेलं, स्वस्त तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याला नवं काम द्यावं. अमेरिकेत त्या यंत्रासोबत टेट्रिस दिला गेला. वाटेल तिथे सुरू करावा, वाटेल तिथे थांबावं, नियम दहा सेकंदांत कळावेत असा गेम. पडदा लहान, बॅटरी मोजकी आणि खेळणाऱ्याचा वेळ तुकड्यातुकड्यांचा, या तिन्ही अडचणी धरूनच त्या काळचे हॅन्डहेल्ड गेम बनत.

२०१७मध्ये स्विच आला आणि टीव्हीवरचा गेम डॉकमधून (टीव्हीला जोडायच्या खाचेतून) उचलून तसाच हातात घेता येऊ लागला. २०२२मध्ये स्टीम डेक आला आणि पीसीवरचे गेमही हातात आले. तेव्हापासून ‘हॅन्डहेल्ड गेम’ असा वेगळा कप्पाच उरला नाही. बहुतेक सगळंच हातात मावतं. मावतं खरं, पण सगळंच हातात शोभत नाही. तुम्ही सहा तासांत सोडलेला तो मोठा गेम याच फटीत पडला. स्टीम डेकवर एखाद्या गेमला ‘व्हेरिफाइड’ असा शिक्का द्यायच्या अटींत अक्षरांचीही अट आहे: पडदा ३० सेंटिमीटरवर धरून मजकूर सहज वाचता आला पाहिजे आणि १२८० बाय ८००च्या पडद्यावर सगळ्यात लहान अक्षराची उंची ९ पिक्सेलच्या खाली जाता कामा नये. म्हणजे बारीक अक्षरांचं दुखणं यंत्र बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. तुमचे डोळे किंवा तुमचा धीर कमी पडला असं त्यातून निघत नाही. तो गेम पुन्हा उघडायचा विचार असेल तर आधी त्याच्या सेटिंगमध्ये मजकुराचा आकार वाढवता येतो का ते पाहा. नाहीच जमलं तर डेकवर स्टीमचं बटण धरून एल१ दाबलं की भिंग उघडतं. स्विचवर सिस्टीम सेटिंगमध्ये झूम चालू केलं की होम बटण दोनदा दाबून पडदा मोठा होतो. त्यावर अख्खा गेम रेटू नका, कंटाळून जाल. अधूनमधून एखादी चिठ्ठी वाचायला ते ठीक आहे. मोठ्या पडद्याची सोय असेल तर तो गेम तिथेच खेळा आणि हॅन्डहेल्डच्या यादीतून त्याला मोकळा करा.

‘बनान्झा’च्या बाबतीतही मी तुमच्या मित्रांच्या बाजूने आहे. तो तुम्ही टीव्हीसमोर बसून खेळलात, तो या यादीत येत नाही. आवडला असेल तर पत्राखाली वेगळी ओळ लिहा.

आता तुमचे दोन जुने गेम. तुम्ही ते लपवायच्या बेतात आहात आणि मला तर सगळी यादी त्यांच्यापासून सुरू व्हावीशी वाटते.

‘स्टारड्यू’मधला एक दिवस खऱ्या घड्याळात साधारण १४ मिनिटांचा असतो. सकाळी सहाला जाग येते, रात्री दोनपर्यंत घरी पोचला नाहीत तर असाल तिथे कोसळता, आणि सेव्ह होतो तो फक्त झोपल्यावर. त्यामुळे थांबायची जागा गेमच दाखवून देतो. झोपायचं, काल किती कमावलं त्याचा हिशेब बघायचा आणि यंत्र खाली ठेवायचं. पण तेवढ्यात पहाट होते, अंगणात पत्र आलेलं असतं, काल पेरलेलं वर आलेलं असतं, आणि हात थांबत नाही. मांडीवर यंत्र घेऊन १४ मिनिटांचा दिवस जगायचा आणि खऱ्या दिवसाचा शीण त्यात उतरवायचा, हे हॅन्डहेल्ड जेवढं छान करतं तेवढं दुसरं कुठलंच यंत्र करत नाही. २०१६चा गेम २०२५मध्ये तुमच्यासाठी हे काम करत असेल तर तो तुमच्या २०२५चा गेम आहे.

‘इन्टू द ब्रीच’बद्दल तर मी तुमच्याशी रात्रभर बोलू शकेन. आठ बाय आठ घरांचा पट, तुमचे तीन यांत्रिक योद्धे, आणि शत्रू पुढच्या चालीत कुणाला मारणार हे आधीच उघड दाखवलेलं. मला अजून आठवते ती एक चाल. शेवटची फेरी होती, फायरफ्लाय नावाच्या एका शत्रूचा नेम इमारतीवर धरलेला, आणि ती इमारत गेली असती तर शहराची उरलीसुरली वीजही गेली असती. त्याला मारायला माझ्याकडे पुरेसा जोर नव्हता. मी यंत्र स्लीपवर टाकलं आणि दोन दिवस ते तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी कशाची तरी वाट बघत बसले असताना पडदा उघडला आणि दिसलं: त्याला मारायची गरजच नाही, एक घर बाजूला ढकलायचा. ढकलला. त्याच्या थुंकीची रेघ तशीच सरळ गेली, पण आता त्या रेघेत त्याचाच भाऊबंद उभा होता. सगळा गेम स्लीप मोडमध्ये आणि माझ्या डोक्यात एकाच वेळी चालू होता. मोठ्या टीव्हीपुढे बसून मी तो प्रश्न तीन मिनिटांत चिडून चुकीचा सोडवला असता.

एका बाबतीत तुमच्या मित्रांचं म्हणणं मी तुमच्यासमोर ठेवणार आहे. जुन्या गेमकडे परत जाणं दर वेळी प्रेमच असतं असं नाही, कधी नुसती सवय असते. नवे नियम शिकायचा कंटाळा येतो आणि हात ओळखीच्या जागी जातो. त्यात वाईट काही नाही, पण यादीत घालताना स्वतःला एक गोष्ट विचारा: यंदाच्या खेळण्यातलं एखादं दृश्य, एखादी चाल तुम्हाला आत्ता आठवते का? आठवत असेल तर गेम यादीत घ्या. नुसते तास आठवत असतील तर राहू द्या. तासांवर फार भिस्त ठेवू नका. ‘अ शॉर्ट हाइक’ नावाचा एक छोटा गेम आहे, त्यात एक पाखरू फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढतं. दोन-तीन तासांत वर पोचता. तासांच्या हिशेबात तो कायम तळाला राहणार, आणि तो माझ्या आवडत्या गेमपैकी एक आहे.

तुमच्या तीन पर्यायांकडे वळते. उरकून टाकणं सगळ्यात वाईट. तीन आठवड्यांत ‘सिल्कसाँग’ आणि ‘हेडीस २’ संपवायला बसलात तर दोन्हींचा चोथा होईल. ‘सिल्कसाँग’ला सोपी पातळी नाही, आणि घाईत असलेल्या माणसाला तो गेम क्षमा करत नाही. शेवट गाठाल कदाचित, पण यादीत लिहायला जे हवं असतं ते वाटेतच सांडलेलं असेल. ‘हेडीस २’मध्ये गॉड मोड आहे, दर मरणागणिक तुम्ही थोडे टणक होत जाता. तो चालू करायला काहीच हरकत नाही, पण कथेसाठी चालू करा, ३१ डिसेंबरसाठी नको.

थाप मारू नका. नीतीचा मुद्दा आहेच, पण मला त्याहून जवळचा मुद्दा दिसतो. तुमच्या याद्या वाचून तुमचे मित्र गेम घेतात, असं तुम्हीच लिहिलंय. न पाहिलेल्या शेवटाबद्दल ‘शेवट जबरदस्त’ असं तुम्ही लिहाल आणि कुणीतरी त्या शब्दावर चाळीस तास घालवेल. पुढच्या वर्षी तुमच्या यादीला काय वजन उरेल? आणि यादीच न पाठवणं म्हणजे सहा वर्षांची चौघांची गोष्ट एका नियमापायी तोडणं. तेही नको.

यादी पाठवा, पण दहाचा हट्ट सोडा. माझ्या मोजणीने तुमचे चार होतात: दोन जुने, दोन चालू. चारच पाठवा. वर दोन ओळींत लिहा की यंदा तुम्ही यादी कशी धरली आहे: वर्षभरात हातात धरून खेळलेलं, कधीही आलेलं, जिथवर झालं तिथवर. पुढे प्रत्येक गेमखाली किती झाला ते प्रामाणिकपणे लिहा, कुठे आणि कधी खेळलात ते लिहा, आणि एक दृश्य लिहा. गुण, तारे, क्रमांक काही नकोत. नमुना म्हणून एक नोंद देते, तुमच्या पत्रातल्या तपशिलांवरूनच:

‘इन्टू द ब्रीच, २०१८चा. यंदा मार्चपासून, बहुतेक झोपण्याआधी. चारही बेटं दोनदा वाचवली, तिसऱ्या वेळी सगळं घालवलं. एका फेरीत माझ्याच योद्ध्याला पाण्यात ढकलून एक इमारत वाचवली आणि नंतर बराच वेळ अपराधी वाटत राहिलं.’

एवढं वाचल्यावर ‘पण हा जुना आहे’ असं म्हणणारा मित्र विरळा. आणि म्हणालाच तर त्याला त्याच्या यादीतल्या पाचव्या गेममधलं एक दृश्य विचारा. वाद घालायला नको, सहज विचारा. मला वाटतं तुमच्या गटातल्या आणखी एकाची तरी अवस्था तुमच्यासारखीच असेल आणि तोही गुपचूप काहीतरी उरकत बसला असेल.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. डिसेंबरात वर्ष आठवायला बसलं की सप्टेंबरनंतरचंच आठवतं. फेब्रुवारीत ज्या गेमने आजारपणातले आठ दिवस सोबत केली तो कुणालाच आठवत नाही. म्हणून महिन्याच्या शेवटी फोनच्या नोंदवहीत एकच ओळ लिहून ठेवा: या महिन्यात यंत्र कशासाठी उचललं. आणि सोडून दिलेल्या गेमचीही एक छोटी यादी ठेवा, कारणासकट: अक्षरं बारीक, मधेच थांबता येत नाही, नेट लागतं, बॅटरी तासाभरात संपते, यंत्र जड होऊन मनगट भरून येतं. पुढचा गेम घेण्याआधी ही यादी वाचा. कुणाच्याही सर्वोत्तम दहापेक्षा ती जास्त उपयोगी पडते, कारण ती तुमच्या हातांनी आणि डोळ्यांनी केलेली असते. मी ती तीन वर्षं ठेवतेय आणि त्यानंतर न खेळता पडून राहणारे गेम माझ्याकडे जवळजवळ उरलेच नाहीत.

राहता राहिला लास्ट जज. मेल्यावर ज्या बाकावर परत येता, तिथून त्याच्यापर्यंतची ती लांबलचक धाव दर वेळी नव्याने करावी लागते, त्यात तुमच्या नाकी नऊ आले असणार. त्याला हरवल्याशिवाय वरच्या सिटाडेल या बालेकिल्ल्यात जाताच येत नाही असं तुम्ही लिहिलंय. जाता येतं. सिनर्स रोड या भागाकडून धुक्यात शिरणारी दुसरी वाट आहे. त्या धुक्यात नेहमीसारखं चालत राहिलात तर फिरून फिरून भोपळे चौकात होईल. तिथे उभं राहून नीडोलिन हे गेममधलं वाद्य वाजवा, उडणारी किडे-पाखरं गोळा होतील. ती ज्या दिशेला झेपावतील तिकडे जा. शेवटी तिथेही एक बॉस उभा आहे, फॅन्टम नावाचा, पण त्याच्याशी लढणं म्हणजे जवळजवळ जुगलबंदीच. मला तो जजपेक्षा कितीतरी जास्त आवडला. जानेवारीत सावकाश जा, हेडफोन लावून.